हिप्पी या शब्दाचा अर्थ आणि नेमका वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे: हिप्पी म्हणजे नेमके कोण, हा शब्द आला कुठून, इंग्रजी मजकुरात तो आला की मराठीत तसाच ठेवायचा का, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या जटाधारी परदेशी माणसाला आज हिप्पी म्हणता येईल का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: बहुतेक वेळा म्हणू नये. का, ते पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. 'हिप्पी' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं आहे. 'वारकरी' किंवा 'गांधीवादी' ही ओळख माणूस स्वतःच अभिमानाने सांगतो. 'हिप्पी' असं मात्र बहुधा दुसराच कुणीतरी त्याच्याबद्दल म्हणत असतो, आणि म्हणताना त्यात कौतुक, कुतूहल किंवा तिटकारा मिसळत असतो. त्यामुळे हा शब्द समोर आला की तीन गोष्टी तपासाव्यात: साल कोणतं, ठिकाण कोणतं आणि बोलणारा कोण. नव्वद टक्के गोंधळ एवढ्यानेच मिटतो.

शब्दाच्या मुळाशी 'हिप' आहे. कमरेच्या खालचा भाग या अर्थाचा इंग्रजी 'हिप' वेगळा, जुना आणि याच्याशी संबंध नसलेला. आपल्याला हवा तो 'हिप' म्हणजे जाणता, आतल्या गोटातला, काय चाललंय ते ज्याला कळतं असा. अमेरिकी बोलीत हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो. १९०४ च्या छापील मजकुरात तो सापडतो. त्याचंच 'हेप' हे जुळं रूपही चालत असे. पुढे जॅझ संगीताच्या जगात, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय वादक-गायकांच्या बोलीत, तो खूप रुळला. १९३८ मध्ये गायक आणि वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे यांनी या बोलीचा एक छोटा शब्दकोशच काढला. जॅझवर जीव टाकणारा तो 'हेपकॅट', आणि चाळिशीच्या दशकात 'हिपस्टर'.

'हिप' कुठून आला याच्या दोन कहाण्या सर्रास सांगितल्या जातात. एक अशी की अफू ओढणारे कुशीवर आडवे पडून ओढत, म्हणून कमरेवरून हा शब्द पडला. याला आधार नाही. दुसरी अशी की पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या 'डोळे उघडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून तो गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आला. ही कल्पना आकर्षक आहे आणि अनेक पुस्तकांत ठाम विधान म्हणून छापलेली आढळते, पण वोलोफपासून १९०४ पर्यंतचा दुवा जोडणारा लिखित पुरावा नाही आणि कोशकार तिच्याबद्दल साशंक आहेत. लेखात ती द्यायचीच असेल तर 'असं एक मत आहे' एवढंच लिहावं.

'हिप' किंवा 'हिपस्टर' यावरून 'हिप्पी' झाला, आणि हा प्रत्यय सुरुवातीला लाडाचा नव्हता. जॅझच्या गोटात हिप्पी म्हणजे जाणतेपणाचा आव आणणारा, अर्धवट हिपस्टर. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांच्या आत्मकथनात चाळिशीच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीचं वर्णन आहे. तिथे कृष्णवर्णीयांपेक्षाही जास्त कृष्णवर्णीय दिसण्याचा खटाटोप करणाऱ्या काही गोऱ्या तरुणांना हिप्पी म्हणत, असा उल्लेख आहे. म्हणजे फुलं, मणी, शांतीचा संदेश यातलं काहीही नसताना शब्द तेवढा होता. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या मजकुरात 'हिप्पी' आला आणि भाषांतरकाराने लांब केसांचा, झोळीवाला तरुण डोळ्यांसमोर आणला, तर संपूर्ण परिच्छेद चुकतो. तिथे 'जॅझवाला नवशिका' किंवा 'जाणतेपणाचा आव आणणारा पोरगा' असंच काहीतरी लिहावं लागेल.

आता ज्यांच्यामुळे हा शब्द जगभर गेला त्या माणसांकडे येऊ. सॅन फ्रान्सिस्को शहरात हेट आणि ॲशबरी हे दोन रस्ते एकमेकांना जिथे छेदतात त्या भागाला हेट-ॲशबरी म्हणतात. गोल्डन गेट पार्क हा विस्तीर्ण बगिचा तिथून चालत जाण्याइतका जवळ. जुनी, लाकडी, मोठमोठ्या खोल्यांची घरं आणि भाडं स्वस्त. साठच्या दशकाच्या मध्यावर विद्यार्थी, वादक, चित्रकार तिकडे सरकले, कारण त्याआधीची त्यांची वस्ती, नॉर्थ बीच, महाग झाली होती आणि तिथे प्रवाशांची गर्दी वाढली होती. ५ सप्टेंबर १९६५ रोजी 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर' या दैनिकात मायकेल फॅलन या पत्रकाराचा या वस्तीवर लेख आला. ब्ल्यू युनिकॉर्न नावाच्या कॉफीगृहाभोवती तो लिहिलेला होता. त्याच्या मथळ्यात शब्द होता 'बीटनिक' (पन्नाशीच्या दशकातल्या 'बीट' लेखक-कवींच्या गोतावळ्याला पडलेलं नाव), पण आत या नव्या मंडळींसाठी त्याने 'हिप्पी' वापरला. आजच्या अर्थाने हा शब्द छापील वर्तमानपत्रात रुजवण्याचं श्रेय सामान्यतः याच लेखाला देतात. पुढे त्याच शहरातले स्तंभलेखक हर्ब केन यांनी तो वारंवार वापरला. गंमत म्हणजे 'बीटनिक' हा शब्दही केन यांनीच २ एप्रिल १९५८ रोजी आपल्या स्तंभात काढलेला. रशियाचा स्पुटनिक उपग्रह सहा महिन्यांपूर्वीच आकाशात गेला होता, त्याचं शेपूट त्यांनी 'बीट'ला जोडलं. दोन्ही नावं वर्तमानपत्री आहेत, हे विसरू नये.

१९६७ हे वर्ष निर्णायक ठरलं. १४ जानेवारीला गोल्डन गेट पार्कमध्ये 'ह्यूमन बी-इन' हा मेळावा झाला, वीस हजारांच्या वर लोक जमले. ७ जुलैच्या अंकात 'टाइम' साप्ताहिकाने हिप्प्यांवर मुखपृष्ठकथा केली. त्या उन्हाळ्यात देशभरातून तरुण मुलं हेट-ॲशबरीत लोटली. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती असा अंदाज नेहमी दिला जातो. खोल्या पुरेनात, आजार पसरले, फुकट उपचारांसाठी दवाखाना उघडावा लागला. 'डिगर्स' नावाचा एक गट (हे नाव १६४९ सालच्या इंग्लंडमधल्या, पडीक सामायिक जमीन कसणाऱ्या लोकांवरून घेतलेलं) उद्यानात फुकट जेवण वाटत होता आणि सगळ्या वस्तू फुकट असलेली दुकानं चालवत होता, तोही थकला.

आणि मग ६ ऑक्टोबर १९६७ रोजी, कॅलिफोर्नियात एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थावर बंदी आल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, वस्तीतल्याच लोकांनी 'हिप्पी'ची अंत्ययात्रा काढली. खरोखरची शवपेटी, त्यात मणी, फुलं, वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि रस्त्यातून मिरवणूक. निधनवार्तेच्या पत्रकात मयत हा 'प्रसारमाध्यमांचा एकनिष्ठ पुत्र' असल्याचं म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे नाव तुम्ही आम्हाला चिकटवलंत, त्यावर कपडे आणि खेळणी विकलीत, आता ते पुरा. या शब्दाबद्दल एकच प्रसंग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. आतली माणसं एकमेकांना बहुतेक 'हेड' किंवा 'फ्रीक' म्हणत. ज्यांना जग आजही हिप्पी म्हणतं त्यांच्यातल्या अनेकांनी हे नाव वर्ष-दोन वर्षांतच टाकून दिलं होतं.

मग अर्थ काय धरायचा? साधारण १९६५ ते १९७५ या काळात, मुख्यतः मध्यमवर्गीय, गोऱ्या घरांतून आलेले तरुण-तरुणी, ज्यांनी आईवडिलांच्या नोकरी-घर-मोटार या वाटेला पाठ फिरवली. एकत्र राहणं, गांजा आणि एलएसडी, रॉक संगीत, लैंगिक मोकळीक, पौर्वात्य अध्यात्माची ओढ आणि युद्धाला नकार या गोष्टी कमीअधिक प्रमाणात ज्यांच्यात होत्या, ते हिप्पी. 'कमीअधिक' हा शब्द इथे महत्त्वाचा. सगळे एलएसडी घेत नव्हते, सगळे शाकाहारी नव्हते, सगळे अध्यात्माकडे वळले नव्हते. संघटना नव्हती, सभासदत्व नव्हतं, घटना नव्हती.

लांब केसांचा मुद्दा मराठी वाचकाला फॅशनचा वाटतो, म्हणून तो जरा थांबून पाहायला हवा. अमेरिकेत त्या वेळी सक्तीची सैन्यभरती होती. व्हिएतनाममध्ये जाणाऱ्या पोराचे केस पहिल्याच दिवशी मशीनने भादरले जात. दोन बोटांत धरता येणार नाहीत इतके बारीक केस म्हणजे शिपाई, खांद्यावर आलेले केस म्हणजे 'मी जाणार नाही'. गावातल्या न्हाव्यापासून पोलिसापर्यंत प्रत्येकाला ही खूण वाचता येत होती. म्हणून केसांवरून मारहाणी झाल्या, शाळांतून मुलं काढली गेली, न्यायालयांत खटले चालले. त्याच केसांची नक्कल आपल्याकडे आली तेव्हा त्यामागची सक्तीची भरती आली नाही, आणि खुणेचा अर्थ गळून फक्त केस उरले.

अशाच आणखी एका खुणेबद्दल वारंवार चुकीचं छापलं जातं. वर्तुळात उभी रेघ आणि खाली दोन तिरक्या रेघा, हे शांतिचिन्ह हिप्प्यांनी काढलेलं नाही. जेराल्ड हॉल्टम या ब्रिटिश चित्रकाराने १९५८ मध्ये अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी ते काढलं. निशाणांनी संदेश देण्याच्या पद्धतीत एन आणि डी या अक्षरांसाठी हात जसे धरतात ती दोन रूपं त्यात एकावर एक ठेवलेली आहेत: अण्वस्त्र-निःशस्त्रीकरण या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. दहा वर्षांनी ते हिप्प्यांच्या अंगाखांद्यावर आलं. त्यांच्या रंगीबेरंगी बांधणीच्या कपड्यांचंही तसंच. कापडाला गाठी मारून रंगवण्याची कला राजस्थान-गुजरातेत कितीतरी जुनी आहे.

आता शेजारचे शब्द, कारण अदलाबदल इथेच होते.

'बीट' हे पन्नाशीच्या दशकातले लेखक-कवी आणि त्यांचा गोतावळा. काळे कपडे, जॅझ, कविता, तळघरातली कॉफीगृहं. हिप्प्यांच्या आधीची पिढी. मराठी वाङ्मयाशी खरा धागा आहे तो यांचा: अमेरिकी कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आले, भारतात वर्षभराहून जास्त राहिले, आणि अरुण कोलटकर, अशोक शहाणे यांच्या पिढीशी त्यांच्या भेटीगाठी झाल्या. लघुनियतकालिकांच्या चळवळीवर लिहिताना 'हिप्पी कवी गिन्सबर्ग' असं कुणी लिहितं तेव्हा कालविपर्यास होतो. १९६२ साली हिप्पी हा शब्द या अर्थाने रुळलेलाच नव्हता. गिन्सबर्ग पुढे हिप्प्यांच्या मेळाव्यांत वडीलधारे म्हणून वावरले, 'फ्लॉवर पॉवर'ची, म्हणजे फुलं हाती घेऊन शांततेने विरोध करण्याची, कल्पनाही त्यांचीच, पण भारतात आले ते बीट कवी म्हणून.

'यिप्पी' म्हणजे युथ इंटरनॅशनल पार्टी या नावाच्या आद्याक्षरांवरून जमवलेला शब्द. १९६७ च्या शेवटच्या दिवशी ॲबी हॉफमन, जेरी रुबिन आणि मंडळींनी हा गट काढला. ते उघड राजकीय होते. १९६८ मध्ये शिकागोत त्यांनी डुकराला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून उभं केलं. हिप्पी राजकारणापासून दूर जाऊ पाहत होते, यिप्पी राजकारणाचं नाटक करून ते उघडं पाडत होते. मुद्रितशोधन करणारा पुष्कळदा 'यिप्पी' ही छपाईची चूक समजून 'हिप्पी' करून टाकतो. तसं करू नका. 'युप्पी' तर अगदी उलट टोकाचा: १९८० च्या दशकातला शहरी, भरपूर पगारदार, महागड्या सवयींचा तरुण व्यावसायिक. आणि २००० नंतरच्या मजकुरातला 'हिपस्टर' हा चाळिशीच्या दशकातल्या हिपस्टरचा नातू शोभेल एवढाच त्याचा संबंध. दाढी, जुन्या ध्वनिमुद्रिका, निवडक कॉफी ही त्याची लक्षणं. नुसता 'हिप' हे विशेषण आजही चालू आहे आणि 'हिप कॅफे' म्हणजे हिप्प्यांचं कॅफे नव्हे, सध्या चलतीत असलेलं कॅफे.

त्याच काळातले डाव्या विचारांचे विद्यार्थी कार्यकर्ते हेही हिप्पी नव्हेत. दोघे एकाच मोर्चात दिसत, पण एकमेकांवर चिडत. कार्यकर्त्यांना वाटे, हे नुसते गांजा ओढत बसतात. हिप्प्यांना वाटे, हे उद्याचे मंत्रीच. २१ ऑक्टोबर १९६७ च्या पेंटॅगॉन मोर्चातलं बंदुकीच्या नळीत फूल खोचणाऱ्या तरुणाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यामुळे सगळा युद्धविरोध हिप्प्यांच्या खात्यावर जमा होतो. तो मोर्चा अनेक संघटनांनी मिळून काढलेला होता.

शब्दाला काळी छटा आली ती १९६९ मध्ये. ऑगस्टच्या मध्यावर न्यूयॉर्क राज्यात बेथेल गावाजवळच्या एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव भरला, चार लाखांच्या आसपास लोक आले, सुरुवातीच्या दिवशी स्वामी सच्चिदानंद यांनी उद्घाटनाचं भाषण केलं आणि त्याच रात्री पावसात पंडित रविशंकर यांनी सतार वाजवली. त्याच्या आठवडाभर आधी लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने खून पाडले होते. वर्षअखेरीस आरोपी पकडले गेले आणि वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख हिप्पी टोळी असा होऊ लागला. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात आल्टामाँट इथल्या मैफलीत प्रेक्षकातला एक जण भोसकला जाऊन मेला. १९६७ च्या बातमीतला 'हिप्पी' भाबडा आहे, १९७० च्या बातमीतला धोकादायक. एकाच शब्दाचं भाषांतर करताना ही तीन वर्षं ध्यानात ठेवावी लागतात. रविशंकरांना मात्र या लोकांचं नशा करून राग ऐकणं कधीच रुचलं नाही, आणि ते त्यांनी उघड सांगितलं.

आता भारत. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर, अमृतसर, दिल्ली आणि पुढे काठमांडू किंवा गोवा, हा खुष्कीचा मार्ग. इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागातलं 'पुडिंग शॉप' हे उपाहारगृह आणि तिथला निरोपांचा फलक ही या वाटेवरची नावाजलेली जागा. कोण कुठे गेलं, कुणाच्या गाडीत जागा आहे, हे त्या फलकावर कळे. १९६८ च्या सुरुवातीला बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगी यांच्याकडे येऊन राहिले आणि भारताकडचा ओढा वाढला. १९७३ मध्ये नेपाळने चरस-गांजाची परवाना दुकानं बंद केली. १९७९ मध्ये आधी इराणमध्ये क्रांती झाली आणि वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, रस्ता तुटला. पुढे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा देशभर गुन्हा ठरले. हिप्पी काळ भारतात कधी संपला असं विचारलं तर या तारखा दाखवाव्यात.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झालं, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हे लोक तिथे येऊ लागले. बरेच जण मुंबईहून बोटीने येत. डेकचं तिकीट स्वस्त, कोकणातल्या बंदरांना लागत लागत बोट पणजीला पोचे, आणि चाकरमान्यांच्या वळकट्यांशेजारीच यांच्या झोळ्या पडलेल्या असत. कळंगुट, मग हणजूण, वागातोर, शापोरा असा त्यांचा मुक्काम सरकत गेला. पावसाळा संपला की यायचं, उन्हाळा तापला की काठमांडूला किंवा हिमाचलात जायचं, असं वार्षिक चक्र होतं. हणजूणचा बुधवारचा बाजार याच लोकांनी सुरू केला: परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडले की कॅमेरा, जीन्स, स्लीपिंग बॅग विकायची, आणि कुणी ब्रेड-केक करून विकायचा. हणजूणमधले हे जुने रहिवासी स्वतःला 'फ्रीक' म्हणत, हिप्पी नव्हे. काठमांडूतल्या झोंछें गल्लीला 'फ्रीक स्ट्रीट' नाव पडलं ते याच शब्दावरून. त्या काळातल्या आठवणींचं भाषांतर करताना 'फ्रीक'ला 'विक्षिप्त' किंवा 'विकृत' लिहिणं ही मोठी चूक आहे. तिथे 'फ्रीक' तसाच ठेवून एकदा समजावून सांगावा.

यजमानांच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी वेगळं. खोली भाड्याने देणाऱ्या बाईला हिप्पी म्हणजे भाडेकरू, दूध-पाव घेणारं गिऱ्हाईक. किनाऱ्यावरची नग्नता आणि नशा यावरून स्थानिकांचा संताप झाला, तोही याच शब्दात साठला. गोव्यातल्या माणसाच्या तोंडी 'हिप्पी' येतो तेव्हा त्यात उत्पन्न आणि उपद्रव दोन्ही असू शकतात. कोणतं अधिक, ते वाक्यावरून ठरवावं.

उर्वरित महाराष्ट्रात हा शब्द प्रत्यक्ष माणसांपेक्षा चित्रपटांतून आणि वर्तमानपत्रांतून जास्त पोचला. देव आनंद यांच्या १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'ने काठमांडूतले हिप्पी, चिलीम आणि आशा भोसले यांचं गाणं घराघरांत नेलं. त्यानंतर मराठी बोलीत 'हिप्पी' आकुंचन पावून केसांवर येऊन ठेपला. 'हिप्पीकट', 'काय हिप्पीसारखा अवतार केलायस', 'न्हाव्याकडे जा, हिप्पी दिसतोयस': ज्याला हे ऐकवलं जाई तो मुलगा बीकॉमच्या वर्गात नियमित बसणारा, बेलबॉटम घालणारा, घरचं जेवण जेवणारा असे. सत्तरच्या दशकातल्या मराठी कथेत वडील मुलाला 'हिप्पी' म्हणतात तेव्हा ते केसांबद्दल आणि धाकाबाहेर जाण्याबद्दल बोलतात, अमेरिकेतल्या चळवळीबद्दल नाही. अशा वाक्याचं इंग्रजी करताना हे सांभाळावं लागतं.

त्याच चित्रपटाने दुसरा गोंधळ पक्का केला. भगवी वस्त्रं, 'हरे कृष्ण'चा जप आणि हिप्पी एकच असा समज झाला. भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कला इस्कॉनची स्थापना केली, पुढच्याच वर्षी हेट-ॲशबरीत मंदिर उघडलं, आणि त्यांचे सुरुवातीचे कित्येक शिष्य हिप्पी वस्तीतूनच आले, एवढं खरं. पण शिष्य झाल्यावर मांसाहार, नशा (चहा-कॉफीसुद्धा), जुगार आणि विवाहबाह्य संबंध सोडावे लागत, डोकं तुळतुळीत करून शेंडी ठेवावी लागे. म्हणजे तो हिप्पीपणातून बाहेर पडलेला माणूस. तसंच पुण्याचं. १९७४ पासून कोरेगाव पार्कात रजनीशांच्या आश्रमात आलेले परदेशी संन्यासी भगवे कपडे घालत, गळ्यात गुरूच्या चित्राची माळ बाळगत, नवं नाव घेत. पुणेकरांनी त्यांनाही सरसकट हिप्पी म्हटलं. काही जण हिप्पी मार्गानेच आलेले होते, पण दीक्षा, गुरू आणि नियम असलेल्या माणसाला लेखनात 'संन्यासी' म्हणावं. याच कारणासाठी 'हिप्पी पंथ' हा मराठीत दिसणारा प्रयोगही टाळावा. पंथाला गुरू लागतो, दीक्षा लागते; इथे दोन्ही नाहीत. 'हिप्पी चळवळ' चालेल, 'हिप्पी संस्कृती' त्याहून बरं. 'हिप्पीवाद' नको, कारण वाद म्हणावा असा मांडलेला सिद्धान्त नाही.

लेखनाचे काही तपशील. मराठीत 'हिप्पी' हेच रूप बरोबर: जोडाक्षराआधी ऱ्हस्व, शेवटी दीर्घ. 'हीप्पी' आणि 'हिप्पि' दोन्ही चुकीची. अनेकवचन 'हिप्पी'च: 'तीन हिप्पी उतरले'. 'हिप्पीज' हे इंग्रजी अनेकवचन उपशीर्षकांत फार दिसतं, ते काढून टाकावं. सामान्यरूपात एकवचनी 'हिप्पीने, हिप्पीला' रुळलं आहे, 'हिप्प्याने' बोलण्यात ऐकू येतं. अनेकवचनी 'हिप्पींनी' आणि 'हिप्प्यांनी' दोन्ही चालतात. मला दुसरं जास्त मराठी वाटतं. एका लेखात मात्र एकच धरावं. स्त्रीसाठी वेगळं रूप बनवायची गरज नाही, 'ती हिप्पी' पुरतं. इंग्रजीत शेवटी आय-ई आणि नुसता वाय अशी दोन स्पेलिंगं आहेत. पहिलं अमेरिकी, दुसरं ब्रिटिश लेखनात अधिक. वायवाल्या स्पेलिंगचा 'रुंद कमरेची' असा स्वतंत्र विशेषणार्थही आहे, आणि शिवणकामाच्या किंवा कपड्यांच्या मजकुरात तोच अभिप्रेत असतो. तिथे 'हिप्पी' लिहिलं तर वाक्य निरर्थक होतं.

आजच्या इंग्रजीत हा शब्द बराच मवाळ झाला आहे. लंडनमधली एखादी बाई 'माझा नवरा थोडा हिप्पीच आहे' म्हणते तेव्हा तो सेंद्रिय भाजी घेतो, सायकलने जातो, घरात उदबत्ती लावतो, एवढाच अर्थ असू शकतो. मराठीत शब्द तसाच ठेवला तर वाचकाला चिलीम दिसते, कारण मराठीत ती छटा पुसली गेलेली नाही. अशा वेळी अर्थ फोडून लिहावा: 'जरा निसर्गवेडा आहे', 'चारचौघांसारखं राहणं त्याला जमत नाही', 'साधं, मोकळं राहणारा आहे'. म्हातारा अमेरिकी माणूस स्वतःलाच 'जुना हिप्पी' म्हणत असेल, तर मात्र शब्द ठेवावा. तो त्याने स्वतःहून घेतलेला आहे आणि त्यात जिव्हाळा आहे. कपड्यांच्या दुकानातल्या 'हिप्पी स्टाइल'ला काहीच करू नये, तो आता नक्षीचा प्रकार झाला आहे.

आणि गोव्यातला तो आजचा परदेशी माणूस. तो लॅपटॉपवर काम करणारा असेल, पाठीवर पिशवी घेऊन फिरणारा पर्यटक असेल, योगशिक्षक असेल, ट्रान्स संगीताच्या पार्टीला आलेला असेल. हरमलच्या किनाऱ्यावर सत्तरीतला एखादा असाही भेटेल जो खरोखर त्या पहिल्या लोंढ्यातला आहे. त्याच्याबद्दल लिहिताना 'सत्तरच्या दशकात हिप्पी म्हणून आलेले' असं कालासकट लिहावं. बाकीच्यांना पर्यटक, प्रवासी, परदेशी रहिवासी हे शब्द पुरेसे आहेत. गुन्ह्याच्या बातमीत तर याबाबत कडक राहावं. 'हिप्पीला अमली पदार्थांसह अटक' या मथळ्यात केसांवरून माणूस ठरवला जातो आणि आरोप आधीच अर्धा सिद्ध झाल्यासारखा वाचला जातो. पोलिसांच्या नोंदीत राष्ट्रीयत्व आणि वय असतं. मथळ्यात तेच घ्यावं.